नल आणि नन: दोन प्रकारचं 'काहीच नाही'

१९६५ साली टोनी होअर यांनी आल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी नल रेफरन्स आणला. कारण एवढंच, की करायला सोपा होता. २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

नल सी प्लस प्लसमध्येही आहे. त्याच भाषेत सर्नमध्ये रेने ब्रून आणि फॉन्स रादेमाकर्स यांनी रूट ही डेटा विश्लेषणाची लायब्ररी सुरू केली. फाईलमध्ये नसलेला हिस्टोग्राम मागितला, की रूट नल पॉइंटर देतं.

पुढे लोक रूट पायथनमधून वापरू लागले, आणि खरी गंमत इथे आहे. पायथनचा 'नन' म्हणजे सी प्लस प्लसचा नल नव्हे. पायरूट त्या नलभोवती एक ऑब्जेक्ट गुंडाळून देतं. पाकीट हातात असतं, आत पत्र नसतं. 'इज नन' फक्त पाकीट बघतं, म्हणून उत्तर 'नाही' येतं. स्क्रिप्ट बिनधास्त पुढे जाते आणि भलत्याच ओळीवर आपटते. रात्रभर शंभर फाईल चालवायच्या असतील तर हे महागात पडतं.

म्हणून मी 'इफ नॉट हिस्टोग्राम' लिहितो, तेही फाईलमधून मागितल्यावर लगेच पुढच्या ओळीत. ते पाकीट उघडून बघतं.