शेवयांच्या गव्हाचं कूळ

कोळंबी, गोव्याचं चोरीस सॉसेज, साय आणि भरपूर लाल मिरची घालून रात्री केलेला पास्ता नगरच्या घरात पाहुणा वाटतो. कोळंबी आणि चोरीस बाहेरूनच येतात, हे खरं. पण अस्सल पास्ता ज्या गव्हाचा होतो तो इथल्या काळ्या रानाला परका नाही. आपण त्याला बन्सी म्हणतो, कुणी बक्षी. शास्त्रज्ञ ड्युरम म्हणतात.

त्याचा पूर्वज खपलीच्या जातीचा. दोघांची गुणसूत्रं 28, रोजच्या पोळीच्या गव्हाची 42. पश्चिम आशियात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या टरफलातून सहज सुटणारा दाणा निवडत गेले आणि त्यातून ड्युरम घडला. पावसाळा सरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो. दाणा टणक, पिवळसर. दळताना त्याचा आधी रवा पडतो. त्या रव्याच्या कणकेची तार ओढली की मागे आखडत नाही, आणि वाळल्यावर आकार धरून राहते.

हाच गुण आपल्या बायकांनी शेवयांसाठी हेरला. गहू ओलवायचा, दळायचा, वस्त्रगाळ करायचा, मिठाच्या पाण्यात कणीक घट्ट भिजवून मनगटं दुखेपर्यंत तिंबायची, मग पाटावर वळत तार ओढायची. पुढे बाजेला आवळून बसवायचं, हातानं फिरवायचं यंत्र आलं. साच्यातून शेवई पाडणं मात्र त्याहून कितीतरी जुनं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात, म्हणजे 1025च्या सुमारास, शाविगे आणि तिच्या साच्याचा उल्लेख आहे. इटलीत नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात रस्त्याच्या कडेला काठ्यांवर पास्ता वाळत असे. आपल्याकडे वैशाखात अंगणातली बाज तेच काम करते.

त्या रात्रीच्या कढईतही कसोटी लागते ती गव्हाचीच. चोरीस मंद आचेवर परतलं की त्याची लाल, शिरक्याची आंबट चरबी सुटते. तिच्यात लसूण, मग कोळंबी, तीही दोन-तीन मिनिटंच, नाहीतर चिवट होते. साय आणि ही चरबी एकजीव करतं ते पास्ता उकडलेलं पिठूळ पाणी, म्हणून ते ओतून देऊ नये. मैद्याचा पास्ता इतक्या रसात लगदा होतो, ड्युरमचा दाताला लागतो. आपल्या बारीक शेवया इथे टिकणार नाहीत. त्या दूध-गुळासाठीच उत्तम.

हा गहू रानातून मागे पडला तो हरितक्रांतीनंतर. पाटपाणी आणि खतं मिळाली की कल्याणसोना, सोनालिका आणि मग लोक-1 हे पोळीच्या गव्हाचे वाण भरघोस उतरत, आणि तांबेऱ्यापुढे जुने उंच वाण टिकत नसत. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. तरीही धागा तुटला नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्रानं ‘पंचवटी’सारखे बन्सी वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 हाही ड्युरमच: ठेंगणा, जिरायतीत साधारण 102 दिवसांत येणारा, 14.7 टक्के प्रथिनांचा. कोरडवाहू नगरला असाच गहू हवा. तो पोळीच्या गव्हात मिसळून विकला जाऊ नये. शेवयांसाठी आणि पास्त्यासाठी वेगळा मागितला, वेगळा मोजला, तरच पेरणाऱ्याला त्याचा भाव मिळेल.