साष्टीतील सहली आणि महागडा कॅमेरा : मरोळ परिसराच्या दृश्य-इतिहासाचा एक विचार

मुंबई बेटाच्या उत्तरेस पसरलेल्या साष्टी प्रदेशाच्या इतिहासाची लिखित साधने विपुल आहेत. पोर्तुगीज अमदानीतील चर्चचे कागद, १७३९ नंतरच्या मराठी अंमलाचे दप्तर, इंग्रजी कारकीर्दीतील मोजणीचे नकाशे व गॅझेटियर यांचा परामर्श अभ्यासकांनी घेतलेला आहे. त्या मानाने छायाचित्र हे साधन मागे पडले. आणि घरोघरच्या सहलींची छायाचित्रे तर साधन या संज्ञेस पात्रच ठरली नाहीत. ती कौटुंबिक स्मरणाची वस्तू, तिचा इतिहासाशी काय संबंध, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः सहलीस कॅमेरा बरोबर नेणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नव्हती. जोवर कॅमेरा महाग होता तोवर तो न्यावा की घरी कपाटात ठेवावा, नेल्यास कोणी सांभाळावा, आणि मोजकी चित्रे कशावर खर्च करावी, हे प्रश्न प्रत्येक घराला सोडवावे लागत. त्यांच्या उत्तरांवरूनच कोणते दृश्य टिकावयाचे व कोणते लोपावयाचे हे ठरत गेले. मरोळ गावाच्या बाबतीत हा परिणाम विशेष स्पष्ट दिसतो.

मरोळ हे अंधेरी स्थानकाच्या पूर्वेस असलेले साष्टीतील जुने गाव. नैर्ऋत्येस सहारचा विमानतळ, उत्तरेस आरे, ईशान्येस विहार व पवई हे तलाव आणि नजीकच कोंडिवटे अर्थात महाकाली लेणी, अशा मधल्या जागी ते वसलेले आहे. गावठाणातील जुनी वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. कोंडिवटे येथे जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले चर्च पुढे साथीच्या रोगामुळे ओस पडले आणि सुमारे १८४० मध्ये उपासनास्थान मरोळास आले. जुन्या चर्चच्या भिंती १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झच्या, म्हणजे सांताक्रूझ निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या, आवारात आजही उभ्या आहेत. लेणी, तलाव, दुग्धवसाहत आणि विमानतळ यांकडे जाणारा-येणारा मनुष्य मरोळवरून जाई. मरोळ पाहण्यासाठी मात्र कोणी येत नसे. कॅमेऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने हीच गोष्ट निर्णायक ठरली.

छायाचित्रकला मुंबईत फार लवकर रुजली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण, यांचा तिच्याशी संबंध होता. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर वगैरे ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. आणि १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांचा संग्रह मासिक रूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या काळचे तंत्र ओल्या काचेचे होते. काचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी तेथल्या तेथे धुवावयाचे, असा तो खटाटोप. म्हणून कॅमेऱ्याबरोबर काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि हे सर्व वाहणारे हमाल इतका संभार निघे. अशा स्थितीत कॅमेरा सहलीस नेला जात असे हे म्हणणेच चुकीचे होईल. कॅमेऱ्यासाठी स्वारी काढली जात असे. एवढा खर्च करून कोणी शेताच्या बांधाचे किंवा ताडीच्या झाडावर चढणाऱ्या माणसाचे चित्र सहसा काढीत नाही. तो लेण्यांकडे, किल्ल्यांकडे आणि मंदिरांकडे वळतो. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० मधील लेण्यांवरील ग्रंथात कोंडिवट्याला स्थान मिळाले. पायथ्याच्या गावाला तसे मिळण्याचे कारणच नव्हते.

महाग यंत्र सार्वजनिक बागेत घेऊन जाण्याचे मुंबईतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांचे होय. त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा प्रयोग मुंबईत जुलै १८९६ मध्ये झाला, तो पाहून त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. त्याची किंमत २१ गिनी होती असे चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठविली. घेतलेले चित्र साधले की बिघडले हे कळण्यास आगबोटीने जाण्या-येण्याचा काळ लागावयाचा! ही कुस्ती कॅमेऱ्यासाठी ठरवून घडविलेली होती, ही बाब येथे महत्त्वाची आहे. बागेत सहज घडणारे दृश्य टिपण्याचे धाडस इतके महाग यंत्र बाळगणाऱ्याला परवडत नाही. पुढे शंभर वर्षे कुटुंबवत्सल गृहस्थाने बागेत मुलांना रांगेत उभे केले, त्यामागे हाच हिशेब होता.

ईस्टमनने १८८८ मध्ये गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला आणि १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. अमेरिकेत कॅमेरा त्यामुळे मुलांच्या हाती गेला. हिंदुस्थानात मात्र मध्यमवर्गीय घरात तो येण्यास आणखी दोन पिढ्या लागल्या. दरम्यान सहलीची साधने झपाट्याने वाढली. १८६७ मध्ये सुरू झालेली विरारची गाडी १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेवर धावू लागली. १८६० मध्ये पुरा झालेला विहार तलाव आणि त्याच्या शेजारचा पवईचा तलाव ही रविवारच्या वनभोजनाची ठिकाणे झाली. आणि १९४९ मध्ये, दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने, मरोळच्या उत्तर सीमेला लागून आरे दुग्धवसाहत उभी राहिली.

मुंबईतील गोठे शहराबाहेर हलविण्यासाठी काढलेल्या या वसाहतीत बगीचा, तळ्यातील होड्या आणि टेकडीवरील मंडप यांचीही योजना होती. ‘छोटा काश्मीर’ हे बागेचे नावच बोलके आहे. ज्यांना काश्मीरला जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी काश्मीरचा देखावा अंधेरी-गोरेगावच्या मधोमध रचलेला होता. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले, तेव्हा तेथे आरंभापासून कोडॅकचे दुकान होते आणि पुढे छायाचित्र कोठून घ्यावे हे दाखविणाऱ्या पाट्याही आल्या. आऱ्यात तशी पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती. पायऱ्या, फुलांचे ताटवे आणि होडीचा धक्का यांनी उभे राहण्याची जागा आपोआप दाखविली. स्थळाची रचनाच छायाचित्राला अनुकूल करणे हे जे मनोरंजन-उद्यानाचे मुख्य लक्षण, ते या अर्थाने मुंबईच्या उपनगरात एका सरकारी दूध योजनेच्या पोटी जन्मास आले, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळात कॅमेरा दुर्मिळही झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी परकीय चलनाची टंचाई पडली आणि १९५७ पासून आयातीवर कडक नियंत्रणे आली. रोलायफ्लेक्स किंवा लायका यांसारखे जर्मन कॅमेरे सामान्य खरेदीच्या कक्षेबाहेर गेले. परदेशी जाणारा मनुष्य आपल्या कॅमेऱ्याची कस्टममध्ये नोंद करून जाई, म्हणजे परत येताना त्यावर जकात पडू नये. देशात बनणाऱ्या कॅमेऱ्यांत बडोद्यास तयार होणारा ‘अ‍ॅग्फा क्लिक’ सर्वांत लोकप्रिय झाला. भिंग साधे, शटरचा वेग एकच, ऊन आणि ढग इतकाच प्रकाशाचा भेद, आणि एका गुंडाळीत बारा चित्रे. या मर्यादांचे ठसे त्या काळच्या छायाचित्रांवर स्पष्ट उमटलेले असतात. माणसे भर उन्हात, सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभी असतात. जवळून घेतलेला चेहरा क्वचित आढळतो. ऊन नसेल तर चित्र नसे, म्हणून पावसाळ्यातील हिरवा आरे, वस्तुतः त्या भूमीचे सर्वांत रम्य रूप, या चित्रांत जवळजवळ नाही.

बारा चित्रे! सकाळी निघालेल्या मंडळींना ती संध्याकाळपर्यंत पुरवावयाची असत. त्यात फिल्म, धुलाई आणि प्रती यांचा खर्च वेगळा. अशा वेळी मरोळ-मरोशी मार्गाने आऱ्याकडे जाताना लागणारी भाताची शेते, गावठाणाच्या अरुंद गल्ल्या, रस्त्याकडेचे क्रूस किंवा वारली मंडळींचे पाडे यांवर एक चित्र खर्च करण्याचे कारण नव्हते. कॅमेरा कातडी पेटीत बंद राहून मरोळमधून जाई आणि बागेच्या फाटकाशी उघडे. महाग कॅमेऱ्याने निर्माण केलेला हा ठराविक रिकामेपणा आहे. मरोळचे १९५० ते १९७० या काळातील दृश्य रूप, शेती जाऊन औद्योगिक वसाहत येण्यापूर्वीचे, त्यामुळे फारच थोडे उरले. आणि नेमका तोच काळ बदल समजून घेण्यास सर्वांत आवश्यक आहे.

आणखी एक रिकामी जागा या चित्रांत असते. कॅमेरा ज्याचा तो चित्रात नसतो. महाग वस्तू अनोळखी माणसाच्या हाती द्यावयाची नाही, आणि घरातील मुलांच्या हाती तर नाहीच. म्हणून वडील किंवा एखादे हौशी काका सदैव भिंगाच्या मागे. जेथे सर्व कुटुंब एकत्र दिसते तेथे चित्र घेणारा बहुधा बाहेरचा, क्वचित त्याच स्थळी पैसे घेऊन फोटो काढणारा व्यावसायिक असतो. हा नियम पक्का मानता येत नाही, तरीही संग्रहातील चित्रे कोणाच्या नजरेने घेतली गेली हे ठरविताना तो उपयोगी पडतो. गृहिणीने घेतलेले चित्र दुर्मिळ असणे यात नवल नाही.

मनोरंजन-उद्यानाचा पूर्ण विकसित नमुना मुंबईस १९८९ मध्ये मिळाला. गोराई येथे एस्सेल वर्ल्ड उघडले आणि १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले. मरोळहून तेथे जावयाचे म्हणजे अंधेरीपर्यंत बस, बोरिवलीपर्यंत लोकल, पुन्हा बस आणि शेवटी खाडीतून होडी. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कॅमेऱ्याला भय होते. गाडीत गर्दी, होडीत खाऱ्या पाण्याचे तुषार, पाळण्यात उलटेपालटे होणे, आणि पाण्याच्या उद्यानात तर तो गळ्यात ठेवणे अशक्यच. १९८० नंतर आखातातून व अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांबरोबर सहारच्या विमानतळावर जपानी कॅमेरे उतरू लागले होते. अशी भेट घरात आली की तिचे मोल किमतीहून अधिक होई. ती हरवली तर भरून येण्यासारखी नव्हती. म्हणून एक विलक्षण स्थिती उद्भवली. ज्या स्थळी छायाचित्र काढावे यासाठी सर्व काही रचलेले होते, त्याच स्थळी उत्तम कॅमेरा नेण्यास लोक कचरू लागले. कोणी साधा कॅमेरा नेला, कोणी सामान राखण्यासाठी आजीला बाकावर बसवून ठेवले. आजीची सहल बाकावरच झाली, आणि अल्बममध्येही तिला जागा मिळाली नाही.

मुंबईची दमट हवा हा कॅमेऱ्याचा आणखी एक शत्रू. जो कॅमेरा जपण्यासाठी कपाटात बंद राही त्याच्या भिंगावरच दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीचे जाळे धरे. निगेटिव्हवरील जिलेटिनचा थरही तिचे भक्ष्य. जपलेली वस्तू जपण्यानेच नासावी असा हा प्रकार.

गोराईकडे जाणारा कॅमेराही वाटेतील गावाकडे वळला नाही. गोराई ही मरोळप्रमाणेच ईस्ट इंडियन व कोळी लोकांची जुनी वस्ती. उद्यानाच्या होड्या तिच्या खाडीतून जात. किनाऱ्यावरील मासळीची वाळवण, मिठागरे आणि घरे मागे राहत. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. त्याच्या पाळण्यांची असंख्य चित्रे घरोघरी आहेत. त्या काळच्या गोराई गावाची तुलनेने फार थोडी असावीत.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्याने चित्राची संख्या-मर्यादाच उडवून लावली. कॅमेरा खिशात आहे, चित्राला खर्च नाही, पाणी लागले तरी बऱ्याच यंत्रांना बाधत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आऱ्यात मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा तेथे जमलेल्या लोकांच्या हाती हेच कॅमेरे होते. त्या झाडांचे, पाड्यांचे आणि रस्त्याचे चित्रण प्रथमच विपुल झाले, आणि ते सहलीस आलेल्यांनी केलेले नव्हते. २०२४ मध्ये त्याच मेट्रोवर मरोळ नाका हे स्थानक सुरू झाले.

राहता राहिला प्रश्न जुन्या अल्बमांचा. गावठाणातील घरे व उपनगरातील जुन्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, आणि घर बदलताना ओलीने चिकटलेला अल्बम सर्वांत आधी टाकला जातो. अभ्यासकाने अशा चित्रांत मधल्या माणसांपेक्षा कडांकडे पाहणे इष्ट. छोट्या काश्मीरच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मुलांच्या मागे टेकडी किती उघडी आहे, गवताची कुरणे कोठवर पोहोचली आहेत, क्षितिजावर कोणती चिमणी नव्याने दिसते, हे चित्र घेणाऱ्याने मुद्दाम टिपलेले नसते. म्हणून ते अधिक विश्वसनीय असते. चित्राच्या पाठीवर धुलाई करणाऱ्या स्टुडिओचा शिक्का, क्वचित पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि सोबत गेलेल्यांची नावे असतात. प्रत करून घेताना पुढची बाजू उतरवली जाते आणि ही मागची बाजू राहून जाते. दोन्ही बाजूंची नोंद एकाच क्रमांकाखाली व्हावी.