नूर इनायत खान : पॅराशूटशिवाय उतरलेली गुप्तहेर
नूर इनायत खान (१९१४-१९४४) या टिपू सुलतान यांच्या वंशातल्या. वालिद सूफी हजरत इनायत खान मूळचे बडोद्याचे. १९४० मध्ये नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाल्या, वायरलेस शिकल्या, पुढे एसओई या गुप्त संघटनेत गेल्या. त्या पॅराशूटने उतरल्या असं काही जण लिहितात, ते चूक. १६ जून १९४३ च्या रात्री लायसँडर विमानाने त्यांना फ्रान्समध्ये उतरवलं. काही दिवसांतच पॅरिसमधले साथीदार पकडले गेले. परत येण्याची मुभा होती, तरी त्या थांबल्या. ऑक्टोबरात अटक झाली. पाठवलेले संदेश त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. ती वही जर्मनांच्या हाती लागली. ही चूक लपवायचं कारण नाही. पण चौकशीत त्यांनी तोंड उघडलं नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊ छळछावणीत त्यांना ठार मारलं. जॉर्ज क्रॉस १९४९ मध्ये मरणोत्तर मिळाला.