'व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया' : एक उपेक्षित जर्मन विनोदी बोलपट आणि त्याचे संग्राहक

ब्लेक एडवर्ड्स यांचा 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' (१९८२) हा चित्रपट सर्वपरिचित आहे. तो ज्या जर्मन बोलपटावर आधारलेला आहे, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. राइनहोल्ड श्युन्झेल दिग्दर्शित हा मूळ बोलपट 'उफा' संस्थेने डिसेंबर १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, प्रदर्शित केला. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या जागी एक होतकरू गायिका 'स्त्रीवेषधारी पुरुष' म्हणून रंगमंचावर येते आणि लंडनपर्यंत गाजते, असे त्याचे कथानक. संवाद अनेक ठिकाणी यमकबद्ध असून संगीताच्या लयीत म्हटले जातात. हा गुण भाषांतरात टिकत नाही, हेही उपेक्षेचे एक कारण असावे.

ज्यू वंशसंबंधामुळे श्युन्झेल यांना विशेष परवानगीने काम करावे लागे; १९३७ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. नायिका रेनाटे म्युलर त्याच वर्षी ३१ व्या वर्षी निधन पावली. नायक आडोल्फ व्होलब्रूक पुढे ब्रिटनमध्ये अँटन वॉलब्रूक या नावाने प्रसिद्धीस आला.

अशा रीतीने अवघ्या चार वर्षांत विखुरलेल्या या संचाच्या खुणा आज संग्राहक जपतात : चित्रपटगृहात विकल्या जाणाऱ्या 'इलुस्ट्रिर्टर फिल्म-कुरिअर' या सचित्र पुस्तिका आणि 'रॉस' प्रकाशनाची नटनट्यांची छायाचित्र-पोस्टकार्डे. त्यांचे आकर्षण केवळ दुर्मिळतेत नाही. पुरुषी पोशाखातील म्युलरचे हसरे छायाचित्र हाती घेताना त्यावरील साल नजरेआड करता येत नाही.