उलटा धावलेला रॉय

बऱ्याच दिवसांपासून रॉय रीगल्सबद्दल लिहायचं डोक्यात होतं, ह्या वीकांताला मुहूर्त लागला. रॉय हा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा खेळाडू. फुटबॉल म्हणजे आपला मोहन बागान-डेम्पोवाला नव्हे बरं का! लांबट चेंडू काखेत मारून, एकमेकांच्या अंगावर धडका देत खेळतात तो.

अमेरिकेत एखादं वर्ष काढलेल्यांना तिथली सोमवारची सकाळ ओळखीची असेल. कॉलेजच्या मॅचेस शनिवारी होतात आणि सोमवारी हापिसात कॉफीच्या यंत्रापाशी त्यांची चिरफाड सुरू होते. कोणाचा कोण लाइनबॅकर बरा खेळला, कोणत्या फ्रेशमनने माती खाल्ली, कोणाला पुढच्या शनिवारी बाकावर बसवायला हवं.. पस्तिशी ओलांडलेली, पोट सुटलेली माणसं एकोणीस वर्षांच्या पोराला दहापैकी तीन मार्क देऊन मोकळी होतात. आपल्याकडे रणजीच्या मॅचनंतर कट्ट्यावर जे होतं तेच, फक्त प्रमाण शंभरपट. ह्या जमातीला 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक' म्हणतात. हा शब्द १९३१ साली हार्वर्डच्या बॅरी वुडने वापरल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे वुड स्वतः कॉलेजच्या संघाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे मार्क घेणाऱ्यांतला. पुढे तो वैद्यकशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक झाला.

पोरांना तोलायची ही सवय मात्र त्याहून जुनी. १८८९ साली कॅस्पर व्हिटनी आणि वॉल्टर कॅम्प ह्या जोडीने देशातल्या सर्वोत्तम अकरा कॉलेज खेळाडूंची पहिली 'ऑल-अमेरिका' यादी छापली. नाव ऑल-अमेरिका, पण अकराच्या अकरा जण हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचे! (निवड समिती आणि आपलंतुपलं हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असं वाटणाऱ्यांसाठी ही माहिती :-) ) १९३५ला हाइझमन ट्रॉफी आली, १९३६पासून असोसिएटेड प्रेसची संघांची क्रमवारी दर आठवड्याला छापून यायला लागली. १९२०च्या दशकात मोठमोठी स्टेडियम उभी राहिली, रेडिओ आला आणि मैदानात पाऊलही न टाकलेला माणूस घरबसल्या परीक्षक झाला. रॉयचं नशीब असं की तो नेमका ह्या वेळी खेळत होता.

तर मंडळी, १ जानेवारी १९२९. कॅलिफोर्नियात पॅसाडिना इथे रोझ बोलची मॅच. एका बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला बर्कली म्हणतो ते, आणि दुसऱ्या बाजूला अख्ख्या हंगामात एकही मॅच न हरलेलं जॉर्जिया टेक. साठ हजारांहून जास्त प्रेक्षक, शिवाय रेडिओला कान लावून बसलेला देश. स्कोअर शून्य-शून्य. दुसऱ्या क्वार्टरमध्ये टेकच्या स्टम्पी थॉमसनच्या हातून चेंडू निसटला आणि वीस वर्षांच्या रॉयने तो उचलला. टेकची गोलरेषा जेमतेम तीस यार्डांवर. धडकाधडकीत त्याची गिरकी झाली, दिशा चुकली आणि तो धावत सुटला. स्वतःच्याच गोलरेषेकडे!

कबड्डीत चढाई करणारा गडी मधल्या रेषेकडे परतायचं सोडून समोरच्या अंतिम रेषेकडे पळत सुटला तर जे होईल ते झालं. संघातला बेनी लॉम चपळ म्हणून नावाजलेला. तो 'थांब, थांब' ओरडत मागे धावतोय आणि प्रेक्षकांच्या गलक्यात रॉयला काही ऐकू येत नाहीये. टेकच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले तेव्हा त्यांचे कोच बिल अलेक्झांडर यांनी त्यांना खाली बसवलं म्हणे. धावू दे त्याला, त्याचं प्रत्येक पाऊल आपल्याच फायद्याचं आहे! साठ-सत्तर यार्ड धावल्यावर अगदी रेषेच्या तोंडाशी लॉमने त्याला धरून वळवलं, पण तोवर टेकची पोरं अंगावर आली आणि चेंडू एक यार्डाच्या रेषेवर थांबला.

आता इथे मला नीट थांबावंसं वाटतं, कारण दंतकथेत पुढचा भाग गाळला जातो. स्वतःच्या गोलरेषेला इतकं चिकटल्यावर कॅलिफोर्नियाने ठरवलं की पुढचा डाव खेळण्यात धोका आहे, चेंडू लाथाडून लांब पाठवू. लाथ मारली लॉमने. टेकच्या व्हॅन्स मॅरीने ती अडवली आणि टेकला 'सेफ्टी'चे २ गुण मिळाले. उत्तरार्धात टेकने टचडाऊन करून ६ मिळवले, वरचा एक गुण मात्र हुकला. कॅलिफोर्नियाने शेवटी शेवटी टचडाऊन आणि वरचा गुण मिळून ७ केले. निकाल ८-७.

बेरीज सोपी आहे. ते २ गुण गेले नसते तर कॅलिफोर्निया ७-६ जिंकली असती, म्हणून हरवलं कोणी, तर रॉयने. पण आमच्या धंद्यात प्रॉडक्शन कोसळलं की नंतर बसून एकेक पायरी तपासतात, तसं इथे करून बघा. रॉयने थेट एकही गुण दिला नव्हता. त्याच्यानंतर एक निर्णय होता, एक लाथ होती, एक तुटलेली बचावफळी होती आणि टेकचा एक चांगला खेळाडू होता. शिवाय टेकने केलेलं टचडाऊन होतंच की. आणि मुळात रॉय सेंटर होता. सेंटरचं काम वाकून, पायांमधून चेंडू मागे द्यायचं. चेंडू घेऊन धावणं हे त्याचं रोजचं कामच नव्हे. ज्याने हे कधी केलंच नाही त्याच्या हातात गोंधळात चेंडू आला आणि त्याला एका सेकंदात दिशा ठरवायची होती.

पण साखळी कोणाच्या लक्षात राहात नाही, चित्र लक्षात राहातं. अडवलेली लाथ दर शनिवारी कुठे ना कुठे दिसते, उलटा धावणारा सेंटर शतकातून एकदा. पाठीराख्यांच्या मूल्यमापनात ह्याच गोष्टीला वजन मिळतं असं मला वाटतं. चुकीची किंमत तिने झालेल्या नुकसानावर ठरत नाही, ती किती बघण्यासारखी होती ह्यावर ठरते. अप्रेझलमध्ये वर्षभराचं काम एका बाजूला आणि क्लायंटसमोर पडलेला एक डेमो दुसऱ्या बाजूला.. अनुभव असेलच!

मध्यंतरात रॉय कोपऱ्यात बसून रडत होता. कोच निब्स प्राइस यांनी फक्त एवढं सांगितलं की ज्यांनी सुरुवात केली तेच उत्तरार्धात उतरतील. रॉय म्हणाला, मला तोंड दाखवायची लाज वाटते. प्राइस यांचं उत्तर साधारण असं होतं की अजून अर्धी मॅच बाकी आहे, ऊठ. तो उतरला आणि जीव तोडून खेळला, टेकची एक लाथही अडवली. लॉमच्या पायातून सुटलेली लाथ टेकने अडवली ती मॅच फिरवणारी म्हणून नोंदली गेली, रॉयने अडवलेली कोणी विचारतसुद्धा नाही.

प्राइस यांनीही मूल्यमापनच केलं होतं, हे विसरू नका. त्यांनी पोराला माफ केलं असं नाही. त्यांच्याकडे हंगामभराचा हिशोब होता, प्रेक्षकांकडे एका धावेचा. १९२९च्या पुढच्या हंगामात रॉय ह्याच संघाचा कप्तान होता आणि त्याचं नाव ऑल-अमेरिकात आलं. तरी बाहेर तो 'राँग वे रीगल्स'च राहिला. वर्तमानपत्रांतले विनोद आणि थट्टेची पत्रं त्याच्या मागे लागली. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात मेजर झाला, नंतर त्याने शेतीला लागणाऱ्या रसायनांचा धंदा केला. टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच.

ह्याच १९२९च्या ऑक्टोबरात कार्नेगी फाउंडेशनचा कॉलेज खेळांवरचा जाडजूड अहवाल आला. कॉलेजं खेळाडूंना आमिषं दाखवून आणतात, खेळाचा धंदा झालाय, विद्यार्थी बाजूला राहिलाय, असा त्याचा सूर. म्हणजे जो तमाशा पैशावर चालतो त्यातलं पोरगं मात्र हौशी विद्यार्थी, आणि त्याचे वाभाडे काढायचे एखाद्या पगारी कलावंतासारखे. ही विसंगती पुढे ९० वर्षं टिकली.

मधल्या काळात आवाज फक्त वाढला. ३० नोव्हेंबर २०१३ला अलाबामा-ऑबर्न मॅचमध्ये अलाबामाच्या केड फॉस्टरचे तीन फील्ड गोल गेले, त्यांतला एक अडवला गेला होता. शेवटच्या सेकंदाची किक तर दुसऱ्याच पोराने मारली होती. ती कमी पडली आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलून अख्खं मैदान पार केलं, ३४-२८. पण ट्विटरवर जिवे मारायच्या धमक्या आल्या त्या फॉस्टरला. त्याची जर्सी ४३ नंबरची. काही दिवसांनी त्याला एक हाताने लिहिलेलं पत्र आलं, खाली सही करणारा दुसरा ४३ नंबरवाला होता, ४३वे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश. राजकारण आपल्या जागी, पण पत्र चांगलं होतं.

आता कोणी म्हणेल, जुलै २०२१पासून ह्या पोरांना आपलं नाव आणि चेहरा विकून पैसे कमावता येतात, २०२५च्या तडजोडीनंतर तर कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात, मग टीका सोसायला काय हरकत आहे? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. खेळावर बोलावं, कडक बोलावं, त्याशिवाय खेळ बघण्यात मजा काय? पण २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेत एकेक राज्याने सट्टा कायदेशीर केला, आणि आता पोराने पास सोडला की कोणाचे तरी पैसे बुडतात. अशा माणसाचं मत मूल्यमापन नसतं, वसुली असते. २०२४मध्ये एनसीएए ह्या संघटनेच्या अध्यक्षांनीच एकेका कॉलेज खेळाडूच्या कामगिरीवर लागणाऱ्या पैजा बंद करा अशी मागणी केली, ती उगाच नव्हे.

असो. रॉयकडे परत येतो. १९६४ साली मिनेसोटा व्हायकिंग्जचा जिम मार्शल सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ६६ यार्ड उलटा धावला आणि टेकसारखेच समोरच्यांना २ गुण मिळाले. पण व्हायकिंग्ज २७-२२ जिंकले, त्यामुळे मार्शलवर लोक नुसते हसले. त्याला ज्यांची पत्रं आली त्यांत एक रॉयचं होतं, क्लबात स्वागत करणारं. त्याआधी असंच उलटं धावलेल्या एका शाळकरी पोरालाही त्याने लिहिलं होतं. आणि १९७१ साली जॉर्जिया टेकने, म्हणजे ज्यांना त्याने पाऊणशे पावलं फुकट धावून दिली होती त्यांनी, आपल्या माजी खेळाडूंच्या मंडळाचं मानद सभासदत्व त्याला देऊ केलं. रॉयने ते हसत घेतलं.