जठरातला बिनबोलावता पाहुणा

दिवाळीच्या फराळावर ताव मारताना ‘जरा जपून!’ म्हणणारे वडीलधारे माणूस घरोघर असते. पोटात आग पडली की खापर तिखटावर फुटते, नाहीतर काळजीवर. साऱ्या वैद्यकशास्त्राचेही कालपरवापर्यंत हेच मत होते. १९१० मध्ये श्वार्ट्झ यांनी ‘आम्ल नाही तर व्रण नाही’ असे सूत्र मांडले. मग जठरव्रणाच्या रोग्याने दूधभात खावा, मन शांत ठेवावे आणि तेवढ्याने भागले नाही तर जठराचा तुकडा कापून घ्यावा, अशी रीतच पडली. जठराच्या आम्लात जंतू टिकतोच कसा, हा प्रश्न विचारणेही वेडेपणाचे ठरले.

वास्तविक इटलीच्या बिझोझेरो यांनी १८९३ मध्येच कुत्र्याच्या जठरात मळसूत्री जंतू पाहिले होते. ग्रीसमधील डॉक्टर लिकुडिस १९५८ पासून जंतुनाशक औषधांनी जठरव्रण बरे करीत. त्याबद्दल त्यांना मिळाला तो दंड! १९८० साली ते वारले, ते उपेक्षितच.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील पर्थच्या रुग्णालयात रॉबिन वॉरन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. १९७९ मध्ये त्यांना सुजलेल्या जठराच्या अस्तरावर वाकडे जंतू दिसले. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. कारण दोन दिवसांत काही न उगवले की बशा फेकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहिल्या, आणि पाचव्या दिवशी जंतू उगवलेले दिसले! सणाची सुट्टी शास्त्राच्या कामी आली ती अशी.

तरीही जग मानीना. प्राण्यांवर प्रयोग जमेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी तपासले तर जठराला सूज आणि तिथे तेच जंतू. हा हेलिकोबॅक्टर पायलोरी युरियापासून अमोनिया बनवून आपल्याभोवतीचे आम्ल मारतो, म्हणून त्या भट्टीत तगतो. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या यादीत बसविले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणून प्रत्येक ढेकरेमागे जंतूच असतो असे मात्र नव्हे. पुष्कळांच्या पोटात तो मुकाट्याने राहतो, आणि पुष्कळांचे अपचन तो नसतानाही होते. पण वर्षानुवर्षे पोट कुरकुरत असेल, तर सोड्याच्या चिमटीवर दिवस न काढता एकदा तपासून घ्यावे. श्वासावरूनही तो आता ओळखता येतो. औषधे सुरू केली तर डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यावीत, कारण अर्धवट मारलेला जंतू औषधालाच सरावतो. एवढे केले की बिचारी चकली तरी निर्दोष सुटेल!