शिरढोणचा विद्यार्थी आणि पुण्याची भावे शाळा

आपल्या भागातील जुन्या माध्यमिक शिक्षणाविषयी काही लिहावे, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आज्ञा केली, तेव्हा प्रथम विठोबा खंडाप्पा हायस्कूलचे नाव मनात आले. पनवेलच्या कितीतरी घरांतील पिढ्यान्‌पिढ्या कोकण एज्युकेशन सोसायटीच्या या शाळेच्या बाकांवर बसून पुढे गेल्या, आणि तिच्याविषयी अधिकाराने लिहिणारे तिचे माजी विद्यार्थी आपल्यात पुष्कळ आहेत. मला मात्र त्याहून मागे जावयाचे आहे. ज्या काळी पनवेलच्या मुलाला इंग्रजी शिक्षण पुरे करावयाचे तर आधी पनवेल सोडावे लागे, त्या काळातील ही हकीकत आहे. आपल्याच तालुक्यातील शिरढोण गावचा एक मुलगा असाच बाहेर पडला, त्याचे स्वतःचे शिक्षण मध्येच राहिले, आणि पुढे दुसऱ्यांच्या मुलांकरिता पुण्यात शाळा उभी करण्याच्या कामी त्याने हात लावला. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके. त्यांची तलवार सर्वांस ठाऊक आहे. शाळा फारशी कोणास ठाऊक नाही.

इंग्रजी अमदानीच्या मध्यास पनवेल हे काही दरिद्री खेडे नव्हते. बंदरात मचव्यांची ये-जा असे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यापासून पुण्याचा माल घाट उतरून येथे येई आणि येथून जलमार्गाने मुंबईस जाई. १८५२ साली नगरपालिका झाली. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथेच धूतपापेश्वराचा औषधी कारखाना सुरू केला, त्याचे नाव पुढे देशभर झाले. व्यापार होता, वैद्यक होते, वेदशास्त्रसंपन्न घराणी होती. मुलांना मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत नेणारे हायस्कूल तेवढे नव्हते.

याचे कारण सरकारी धोरणात सापडते. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने शिक्षणखाते उभे राहिले, १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे आपली मॅट्रिक, घेण्यात आली. परंतु सरकारी हायस्कुले उघडली गेली ती मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. कुलाब्यास तो तालुका मागाहून जोडला गेला. तेव्हा तालुक्याच्या गावी मराठी शाळा आणि फार तर इंग्रजीच्या खालच्या इयत्ता, एवढ्यावर समाधान मानावे लागे. मराठी शिक्षणानंतर इंग्रजीच्या सात इयत्ता असत आणि सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. मधल्या कोणत्या तरी पायरीवर तालुक्याची शाळा संपे आणि मुलाचा प्रवास सुरू होई.

तो प्रवास कसा असे याची आजच्या विद्यार्थ्यास कल्पना येणे कठीण आहे. मुंबईस जावयाचे तर मचव्याने, भरतीची वेळ साधून. पुण्यास जावयाचे तर बैलगाडीने किंवा पायी खोपोलीपर्यंत आणि मग घाट. कल्याणास आगगाडी १८५४ सालीच आली होती, पण पनवेलकरास ती गाठण्यासाठी आधी कल्याणापर्यंत जावे लागे. खुद्द पनवेलला रेल्वे येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. परगावी पोहोचल्यावर आप्तांकडे आश्रय मिळाला तर ठीक. नाही तर पुण्यात गरीब ब्राह्मण मुलांसाठी वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची प्रथा होतीच. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. या प्रथेचे पुष्कळ गोडवे गायले जातात. ज्यांनी ते अन्न खाल्ले त्यांना त्यातील उपकाराची जाणीव होती तशीच त्यातील लाजही ठाऊक होती, आणि ज्या जातींच्या मुलांना कोणी वार देत नसे त्यांच्यापुढे तर तेवढाही मार्ग नव्हता.

ही अडचण एका पिढीत मिटली नाही. १८८५ साली पनवेल येथे जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, म्हणजे आपले प्रबोधनकार, यांनाही शिक्षणासाठी कल्याण आणि पुढे थेट देवास संस्थानापर्यंत जावे लागले. परीक्षेच्या फीत दीड रुपया कमी पडला म्हणून त्यांची मॅट्रिक हुकली, असे सांगतात. पुढे ज्यांच्या लेखणीने महाराष्ट्र ढवळून काढला त्यांच्या बाबतीत ही स्थिती; तर ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत अशा मुलांची गणना कोणी करावी?

आता शिरढोणकडे वळू. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या सावलीत हे गाव आहे. फडक्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेवाचा जन्म झाला तेव्हा पेशवाई बुडून पुरी तीस वर्षेही लोटली नव्हती. किल्लेदारीच्या आठवणी घरात ताज्या होत्या, किल्लेदारी मात्र गेली होती. बालपणीचे शिक्षण कल्याणास, मातुलगृहाच्या आश्रयाने झाले, आणि इंग्रजीचे पुढील धडे मुंबई-पुण्याकडे. पुस्तकापेक्षा कुस्ती आणि घोडा यांची ओढ अधिक, शिवाय संसाराचा भार लवकर अंगावर आलेला. त्यामुळे मॅट्रिकची वाट न पाहता त्यांनी कारकुनी पत्करली, आणि अखेरीस पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते स्थिर झाले. म्हणजे तालुक्यात हायस्कूल नसल्याने जी असंख्य मुले अर्ध्या वाटेवरून कारकुनीकडे वळत, त्यांपैकीच हे एक.

या नोकरीत आईच्या आजारपणी त्यांस वेळेवर रजा मिळाली नाही आणि अंत्यसमयी भेट हुकली, ही गोष्ट सर्व चरित्रांत येते. लहुजी वस्तादांच्या तालमीचे नावही येते. पुण्यात गावोगावच्या लोकांसमोर त्यांनी स्वदेशाच्या दारिद्र्यावर व्याख्याने दिली, तरुणांसाठी ऐक्यवर्धिनी सभा काढली. याच काळात वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या समवेत त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. हीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि तिची मुलांची शाळा पुण्यात भावे स्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. सदाशिव पेठेतील पेरूगेटाजवळची ती शाळा आजही चालू आहे.

येथे स्थापनेच्या सालाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. संस्था आपला जन्म १८६० सालचा मानते, आणि संस्थापक म्हणून या तिघांची नावे घेते. फडक्यांच्या चरित्रपर लेखनात मात्र १८७४ हे सालही आढळते. साधा हिशेब केला तर १८६० साली वासुदेव पंधरा वर्षांचा मुलगा होता, अद्याप शिकत होता. पंधरा वर्षांच्या मुलाने शिक्षणसंस्था काढली असे म्हणण्यात भक्ती पुष्कळ आहे, विचार थोडा आहे. माझे मत असे की, फडक्यांचा हात या कामास लागला तो ते पुण्यात स्थिरावल्यानंतर, १८७४ च्या सुमारास. संस्थेचे मूळ त्याहून जुने असेल तर त्याचे श्रेय इतरांचे. याने त्यांची थोरवी तिळमात्र कमी होत नाही. उलट, ज्या गृहस्थास सरकारी कचेरीत दिवसभर आकडे जुळवावे लागत आणि ज्याच्या मनात पुढील बंडाची जुळवाजुळव होऊ लागली होती, त्याने त्याच हातांनी शाळेचे काम करावे, हे मला पंधरा वर्षांच्या चमत्कारापेक्षा अधिक खरे आणि अधिक मोठे वाटते.

सरकारच्या हातातील शिक्षणापुढे एतद्देशीयांनी स्वतःच्या बळावर हायस्कूल चालवावे, ही कल्पना तेव्हा नवीन होती. तिचे श्रेय सामान्यतः विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांच्या न्यू इंग्लिश स्कूलला दिले जाते. ते योग्यच आहे. पण ती शाळा निघाली १८८० च्या जानेवारीत. तिच्या आधीच पुण्यात भावे-इंदापूरकरांची शाळा रुजली होती, आणि तिच्या स्थापकांपैकी एक जण त्याच जानेवारीत बेड्या घालून एडनच्या बोटीवर चढविला जात होता. या दोन घटना एकाच महिन्यात घडल्या, हे आपल्या शैक्षणिक इतिहासाच्या पुस्तकांत एकत्र लिहिलेले मी पाहिलेले नाही.

मधल्या वर्षाची हकीकत थोडक्यात सांगतो. १८७६-७७ च्या दुष्काळात फडक्यांनी जे पाहिले त्याने त्यांचा व्याख्यानांवरील विश्वास उडाला. सुशिक्षितांकडून साहाय्याची आशा त्यांनी केली, ती फोल ठरली. मग रामोशी, कोळी, धनगर यांना जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी धामारीवर पहिला छापा घातला. त्याच सालच्या मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने घाट उतरून आपल्या पनवेलजवळील पळस्पे व चिखले येथे मोठी लूट केली. पुढे थोड्याच दिवसांत चकमकीत दौलतराव पडले. त्याच आठवड्यात पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. विश्रामबागवाड्यात तेव्हा सरकारी हायस्कूल भरत असे. संशय अर्थातच फडक्यांवर गेला, पण आग लावणारा निघाला सरकारी बुक डेपोतील एक कारकून. जुलैमध्ये विजापूरच्या बाजूस फडके पकडले गेले. त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतले. अपिलाच्या कामी पुढे आनंदाश्रम स्थापन करणारे महादेव चिमणाजी आपटे उभे राहिले. जन्मठेप काळेपाणी झाले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात या पुरुषाचा अंत झाला. वय अवघे सदतीस.

ज्ञातिसंस्थांच्या अंकांतून फडक्यांचे छायाचित्र 'आपले थोर पुरुष' या मथळ्याखाली छापण्याचा प्रघात आहे. अभिमानास माझी हरकत नाही. पण त्यांच्या आयुष्याचा हिशेब मांडू गेलो तर तो ज्ञातीच्या वहीत बसत नाही. शाळा काढताना त्यांच्या बाजूस भावे आणि इंदापूरकर होते; बंडाच्या वेळी दौलतराव नाईक आणि रामोशी होते. ज्या वर्गांतून हायस्कूलचे विद्यार्थी येत त्या वर्गांतून बंडाला माणसे मिळाली नाहीत, आणि ज्यांनी बंडात प्राण दिले त्यांच्या मुलांना हायस्कूलची पायरी दिसत नव्हती. फडके एडनला असतानाच, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून हेच दुखणे सरकारच्या पदरात घातले : शेतकऱ्याच्या कष्टातून पैसा उभा राहतो आणि शिक्षण मिळते ते वरच्या जातींना. शिरढोणच्या या मनुष्याला दोन्ही बाजूंची माणसे जवळून ठाऊक होती. ती एका बाकावर बसलेली मात्र त्यास पाहावयास मिळाली नाहीत.

संस्था पुढे वाढली, ते सर्व येथे सांगण्याचे कारण नाही. बारामतीस शाळा झाली, सासवडला झाली. १९४५ साली पुण्यात महाविद्यालय निघाले, ते आज आबासाहेब गरवारे महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. मुलांसाठी आरंभ झालेल्या या संस्थेने मुलींसाठी रेणुका स्वरूप शाळा चालविली, आणि १९९७ साली मुळशी तालुक्यात कासार आंबोली येथे राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा काढली. तालमीचा शौक असलेल्या आपल्या संस्थापकास ही शेवटची गोष्ट ऐकून काय वाटले असते, असा विचार मनात येऊन मला कधी कधी हसू येते.

आणि पनवेल? सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलमध्ये याच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची एक शाळा आहे. तिचे नाव आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके विद्यालय. शिरढोणहून तेथे यावयास आता मचवा लागत नाही की घाट चढावा लागत नाही. महामार्गावरून मुले तासाभराच्या आत शाळेत येऊन बसतात. शिरढोणची जी मुले-मुली या किंवा पनवेलच्या दुसऱ्या कोणत्याही शाळेत जात असतील, त्यांच्या पालकांस माझी एवढीच विनंती आहे : एखाद्या रविवारी त्यांना गावातील फडक्यांचा वाडा दाखवून आणावा, आणि तेथे उभे राहून तलवारीबरोबर या शाळेचीही गोष्ट सांगावी.